डिझेल पिकअपची ताकद वाढवताना: इंदूरच्या नव्या मालकांसाठी कामाचा क्रम

आमचा मंडपाचा धंदा आहे. राजेंद्रनगरातून पाइप, कापड, खुर्च्या आणि जनरेटर लादून आमची अडीच लिटरची टर्बो डिझेल पिकअप कधी महूला, कधी देवासला, कधी ओंकारेश्वरकडे जाते. काही वर्षांपूर्वी मी तिला ट्यूनिंग बॉक्स, म्हणजे इंजिनला जास्त डिझेल द्यायला लावणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा, बसवला. काम तासाभराचे होते. रिकामी गाडी बायपासवर अशी पळाली की मी हरखलो. तीन आठवड्यांनी जनरेटर लादून भेरूघाट चढत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज चढत गेला, गाडी मात्र रेंगाळली आणि केबिनमध्ये जळका वास भरला. क्लच प्लेट गेली होती. रात्री दुसरी गाडी मागवून रस्त्याच्या कडेला सगळा माल हलवावा लागला, आणि ज्यांच्या घरचे लग्न होते त्यांना मी फोनवर काय सांगत होतो ते आजही आठवते.

त्यानंतर मी हे काम मुळापासून शिकून घेतले. मी पहिल्या दिवशी जे केले ते खरे तर शेवटी करायचे असते. गाडीत ताकद घालण्याआधी ती ताकद पेलणारे, थंड ठेवणारे आणि थांबवणारे भाग तयार हवेत. पुढचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

आधी काट्यावर जा

पहिली पायरी गॅरेजमध्ये नाही, धर्मकाट्यावर आहे. नेहमीचा माल भरा, टाकी फुल करा आणि गाडी काट्यावर चढवा. आलेला आकडा आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहा. आमची गाडी दर सीझनला कागदावरच्या वजनापेक्षा जास्त ओढत होती, आणि मी दोष इंजिनला देत होतो. कोणताही पार्ट बसवला तरी कायद्याने ठरलेली वजनाची मर्यादा वाढत नाही. चॅसिस, एक्सल आणि चाकांचे बेअरिंग तेच राहतात. जनरेटर वेगळ्या फेरीत न्यायला लागलो तेव्हा माझी निम्मी तक्रार तिथेच मिटली.

मग वहीत लिहा की गाडी नेमकी कुठे कमी पडते. घाटात तिसरा गिअर टिकत नाही? एसी लावून सिग्नलवरून उठताना जड वाटते? बायपासवर ट्रकला ओलांडताना जास्त वेळ लागतो? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. ‘पॉवर पाहिजे’ एवढेच सांगितले तर दुकानदार त्याच्याकडे असेल तेच विकेल.

कागद, पोलीस आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेला आणि कंपनीने मुळात ठरवून दिलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुढे लावतात त्या लोखंडी बुल गार्डवरही केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. ते लावू नका. शिवाय ज्या गाडीला एअरबॅग आहे तिच्यात गार्डमुळे एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते.

मूळ दर्जाचा फिल्टर, चांगले ब्रेक शू, मूळ मापाचे टायर ही देखभाल झाली. परवानगीशिवाय वेगळे इंजिन बसवणे, चॅसिस कापणे, बॉडी लांबवणे, सायलेन्सर पोकळ करणे हे उघड गुन्ह्याचे काम आहे. रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणे, यांच्या मधोमध येतो. तो बाहेरून दिसत नाही, पण आरसीवरच्या तपशिलाशी, धुराच्या मर्यादेशी आणि वॉरंटीशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून कुठलाही बदल करायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न सांगता केलेला बदल अपघातानंतरच्या तपासणीत निघाला तर क्लेम अडकतो, आणि कर्जावरच्या गाडीचा हप्ता तर थांबत नाही.

तुमची गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल तर डीपीएफला, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतल्या काजळीच्या फिल्टरला, हात लावू देऊ नका. ‘भैया, काट देते हैं, गाड़ी हल्की हो जाएगी’ असे सांगणारे भेटतील. डीपीएफ काजळी अडवतो आणि ठरावीक वेळाने सुमारे ६०० अंश तापमानाला ती जाळून स्वतःला साफ करतो. राजवाडा ते विजयनगर अशा छोट्या, थांबत-थांबत फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही आणि तुंबतो. दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे गाडी बायपासवर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. अशा गाडीत कमी राखेचे, कंपनीने नेमून दिलेल्या ग्रेडचेच ऑइल घाला.

आजार काढा, मग ताकदीचे बघा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. जुन्या पिकअपची जी ताकद ‘कमी’ वाटते, तिच्यातली बरीचशी कुठल्यातरी गळतीत किंवा तुंबलेल्या नळीत अडकलेली असते. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी माझ्या गाडीचा बॉक्स काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘पहले बीमारी तो निकालने दो.’

सुरुवात हवेच्या वाटेपासून करा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणाऱ्या रबरी होजला खालच्या बाजूने चीर पडते. गाडी उभी असताना ती दिसत नाही, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आला की उघडते. अंगठ्याने दाबून, वाकवून पाहा. होजवर बाहेरून तेलकट काळा पट्टा दिसला तर तिथूनच हवा जाते आहे. आमच्या गाडीत खालच्या होजला बोटभर चीर निघाली. चांगल्या गॅरेजमध्ये ही सगळी वाट बंद करून कमी दाबाची हवा भरतात आणि साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधतात. तसे करून घ्या. टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळीही तपासा. ती कडक होऊन तडकली की टर्बो पुरेसा बूस्ट बनवत नाही, आणि माणूस नवा टर्बो घ्यायला निघतो.

मग एअर फिल्टर. आपल्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ, त्यात मंडपाची मैदाने. कंपनीच्या पुस्तकातले अंतर गुळगुळीत रस्त्यांसाठी असते. मी त्याच्या निम्म्यावर फिल्टर बदलतो. डिझेल फिल्टरमधले पाणी काढा. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) आणि इनटेकमध्ये काजळीचा थर साचला असेल तर खोलून साफ करून घ्या. बूस्ट मोजणाऱ्या सेन्सरच्या तोंडावर काजळी बसली असेल तर तीही. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीत अडकलेले किडे, चिखल, कापसाचे तंतू मंद दाबाच्या पाण्याने काढा. जोराच्या पाण्याने पत्र्या वाकतात. रेडिएटरमागचा विस्कस फॅन गरम इंजिनवरही ढिला फिरत असेल तर बदला.

धुराकडे लक्ष द्या. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर नोझल नीट फवारत नाही, कॉम्प्रेशन उतरले आहे किंवा कूलंट आत जाते आहे. ज्या इंजिनातून निळा किंवा पांढरा धूर येतो त्याच्यावर ताकदीचा एकही रुपया घालू नका. स्कॅनर लावून चारही नोझलचे करेक्शन (कुणाला किती डिझेल कमी-जास्त करावे लागते) पाहा आणि जो वेगळा दिसेल तो टेस्ट बेंचवर पाठवा.

एक गोष्ट जीव लावून सांगतो. कॉमन रेल इंजिनमध्ये, म्हणजे जिथे सगळ्या नोझलना एकाच रेलमधून डिझेल मिळते, तिथे डिझेलचा दाब १,६०० बारपर्यंत जाऊ शकतो. चालू इंजिनवर रेलचा किंवा नोझलचा पाइप ढिला करू नका आणि गळती हाताने चाचपू नका. एवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. अशी धार लागलीच तर दुखत नसले तरी लगेच मोठ्या हॉस्पिटलात जा.

मोजमाप लिहून ठेवा

आजार काढल्यावर वहीत चार आकडे लिहा: टाकी फुल ते टाकी फुल असे निघालेले मायलेज, पहाटे मोकळ्या बायपासवर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ८० ला जायला लागलेले सेकंद, ठरलेल्या वजनासह घाटात कोणता गिअर टिकतो, आणि वर पोहोचल्यावर कूलंटचे तापमान. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणी ट्रॅक आहे. तिथे कंपन्या गाड्या पारखतात. आपल्याला स्टॉपवॉच आणि शेजारी बसून ते दाबणारा माणूस पुरतो. गाडी चालवणाऱ्याने मोबाइल हातात घ्यायचा नाही.

थांबण्याची सोय

क्लचचे बिल ऐकल्यावर काका मला एकच प्रश्न विचारायचे: ‘पळते ते दिसलं रे, थांबते का?’ राऊ-खलघाट रस्त्यावरचा गणपती घाट इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. धामनोदकडे उतरताना ब्रेक निकामी होऊन तिथे किती गाड्या समोरच्या गाड्यांवर गेल्या. वेग ताशी ८० वरून १०० झाला की ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. म्हणून पहिला आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून घेतलेल्या पार्टचा, खर्च इथे करा: नामांकित कंपनीचे पॅड आणि शू, सरळ केलेले किंवा नवे डिस्क-ड्रम, आणि नवे ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते. डॉट-४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात ते उकळले की पायाखालचा पेडल स्पंज होतो. दोन वर्षांनी ते बदलाच. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवायचे असतील तर एक बारीक गोष्ट बहुतेक जण विसरतात. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपाशी वजन ओळखणारा ब्रेक व्हॉल्व असतो. गाडी मागून किती दबली आहे त्यावरून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. जादा पाटा टाकून गाडी उचलली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. पाट्याचे काम करणाऱ्याकडून त्या व्हॉल्वची दांडी पुन्हा सेट करून घ्या. मी स्वतः पाटे वाढवले नाहीत. मूळ पाटे उतरवून नवे बुश आणि चांगले शॉकअप टाकले, आणि भरलेली गाडी वळणावर डोलायची थांबली.

टायर मूळ मापाचेच घ्या. २४५/७० आर १६ ऐवजी २६५/७० आर १६ टाकला तर व्यास सुमारे ७४९ मिलिमीटरवरून ७७७ होतो. म्हणजे मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास १०४ ने जाते, आणि प्रत्येक गिअर तेवढाच उंच झाल्याने घाटातली ओढ उलट कमी होते. पैसे देऊन ताकद घालवायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

हवा थंड करा

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. तेवढ्यानेच हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते, आणि मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत आणखी विरळ होते. टर्बो ही हवा दाबतो तेव्हा ती तापते. १.२ बार बूस्टला टर्बोतून निघणारी हवा उन्हाळ्यात दीडशे अंशांच्या आसपास जाऊ शकते. गरम हवेत ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून इंटरकूलर.

मोठा इंटरकूलर हा माझ्या मते पिकअपमधला सर्वांत प्रामाणिक आफ्टरमार्केट पार्ट आहे. तो इंजिनवर कसलीही जबरदस्ती करत नाही, घाटाच्या शेवटच्या वळणापर्यंत ताकद टिकवतो. घेताना कोअरची जाडी पाहून भुलू नका. फार जाड कोअर मागच्या रेडिएटरची हवा अडवतो. दोन्ही टोकांच्या टाक्या वेल्ड केलेल्या असाव्यात, तोंडांची मापे मूळ होजशी जुळावीत, आणि बसवताना साध्या पट्टीच्या क्लॅम्पऐवजी टी-बोल्ट क्लॅम्प वापरावेत.

तेल लावलेल्या कापसाच्या ‘परफॉर्मन्स’ फिल्टरच्या नादी लागू नका. तेल जास्त झाले की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते, आणि स्वस्त प्रतीचा फिल्टर धूळ आत सोडतो. टर्बोचे पाते मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगाने फिरते. त्याच्यावर रोज धूळ आपटली तर त्याची धार झिजते. चांगला कागदी फिल्टर थोड्या वाढवलेल्या ताकदीलाही पुरतो.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात. आवाज वाढला म्हणून ताकद वाढत नाही. पाइप आतून चेपलेला, गंजलेला असेल तर मूळ व्यासाचा नवा टाका आणि पुढे जा.

क्लच आणि मीटर, रीमॅपच्या आधी

माझी चूक नेमकी इथे होती. कंपनीचा क्लच मूळ टॉर्कपेक्षा थोडी जास्त ओढ धरेल एवढाच बनवलेला असतो. ३२० न्यूटन-मीटरच्या इंजिनला वीस टक्के वाढवले तर ३८४ होतात, आणि लाख किलोमीटर चाललेली प्लेट तेवढे धरत नाही. तपासणी सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये गाडी स्थिर वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून चढला आणि वेग मागे राहिला, तर क्लच संपत आला आहे. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्या: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकत्र बदला, फ्लायव्हील तपासा आणि मागचा ऑइल सील त्याच वेळी नवा टाका. माल वाहणाऱ्या गाडीला जास्त पकडीची ऑर्गॅनिक प्लेट पुरते. सिरॅमिक प्लेट झटक्याने धरते. गर्दीत पाय आणि गिअरबॉक्स दोन्ही दमतात.

दोन मीटर बसवा: बूस्टचा आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा. तापमानाचा प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसतो. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवूनच पाडायला सांगा, नाहीतर लोखंडाचा कीस थेट टर्बोच्या पात्यावर जातो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि तुमचे पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. ते तगतात, कारण जळता वायू क्षणभरच भिडतो आणि खालून ऑइल त्यांना थंड करते. लांब चढावर आकडा ७०० च्या वर टिकून राहू लागला की मी पाय उचलतो आणि एक गिअर खाली घेतो.

आता रीमॅप

बॉक्स आणि रीमॅप यांतला फरक समजून घ्या. स्वस्त बॉक्स रेलच्या प्रेशर सेन्सरला मध्ये जोडतात. तो ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) खोटे सांगतो की दाब कमी आहे, ईसीयू दाब वाढवतो आणि जास्त डिझेल आत जाते. हवा किती आहे, एक्झॉस्ट किती तापला आहे, याची त्याला खबर नसते. रीमॅपमध्ये ईसीयूतले नकाशेच बदलतात: डिझेल किती, कधी, बूस्ट किती, टॉर्कची आणि धुराची मर्यादा किती. काम जाणकाराचे असेल तर डिझेलसोबत हवाही वाढते. नाहीतर रीमॅपही बॉक्सइतकाच वाईट.

ट्यूनरला विचारा: मूळ फाइल वाचून तिची प्रत मला द्याल का? बदलाआधी आणि नंतर चालत्या गाडीतले बूस्ट, रेल प्रेशर आणि तापमानाचे लॉग दाखवाल का? धुराची मर्यादा तशीच ठेवाल का? गाडीत रोज किती वजन असते हे त्यानेच तुम्हाला विचारायला हवे. त्याने विचारले नाही आणि थेट सर्वांत मोठा आकडा सांगितला, तर परत या. भार वाहणाऱ्या गाडीला मी पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही, आणि ती वाढही मधल्या आरपीएमला मागेन. अगदी खालच्या आरपीएमला खूप टॉर्क मागितला तर कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर मार बसतो.

काम झाल्यावर पीयूसी केंद्रात धूर मोजून घ्या. बीएस-४ डिझेलसाठी धुराच्या दाटपणाची मर्यादा प्रति मीटर १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. गाडी यात बसत नसेल तर फाइल चुकली आहे, ट्यूनरकडे परत न्या. आरशात आपल्या मागे काळा ढग दिसतो तेव्हा स्कूटरवरचे कुणीतरी मूल तो श्वासात घेत असते.

पार्ट घेताना आणि बसवल्यावर

लोहामंडी, ट्रान्सपोर्ट नगर, देवास नाका भागात सगळे मिळते, नकलीही. पक्के बिल, पार्ट नंबर आणि खोक्यावरचा होलोग्राम पाहिल्याशिवाय ब्रेक, क्लच आणि बेअरिंग घेऊ नका. जुना पार्ट सोबत न्या आणि शेजारी ठेवून मापे जुळवा. काढलेले मूळ भाग जपून ठेवा. गाडी विकताना किंवा काही बिघडले तर ते लागतात.

सगळे एकदम बसवू नका. एक बदल, पाचशे किलोमीटर, मग वहीतले तेच चार आकडे पुन्हा. गणपतीच्या दिवसांत किंवा लग्नसराईत तर काम काढूच नका. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या आधल्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये अडकली की उस्तादही घाई करतात आणि घाईत क्लॅम्प ढिले राहतात.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर थंड इंजिनवर सगळे होज क्लॅम्प पुन्हा आवळा, कूलंट आणि ऑइलची पातळी पाहा, क्लचच्या घंटीखाली (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाखाली) ऑइलचा थेंब आहे का ते बघा. ऑइल बदलायचे अंतर कमी करा. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. दीड-दोन मिनिटे आयडलवर राहू द्या, म्हणजे टर्बोतले तापलेले ऑइल तिथेच जळून बसणार नाही. आमचा ड्रायव्हर आता चोरलच्या चहावाल्यापाशी पोहोचला की आधी हँडब्रेक ओढतो, खाली उतरून चहा सांगतो आणि मग परत येऊन चावी फिरवतो.